कुसाजीच्या हातची सुरी

घाटाखाली एक जुनी पेठ होती. तिथे नागोशेट नावाचा सुपारीचा व्यापारी राहत असे. त्याला एकच नाद होता, सुऱ्या जमवण्याचा. बाजारात मिळतात तसल्या नव्हेत, कारागिराला सांगून मुद्दाम घडवून घेतलेल्या. त्याच्या माडीवर भिंतीला फळ्या ठोकलेल्या होत्या. खालच्या फळीवर दहा-वीस रुपयांच्या सुऱ्या, मधल्या फळीवर पन्नासांच्या, आणि सगळ्यांत वर शंभराच्या पुढच्या. पाहुणा आला की शेट आधी किंमत सांगे, मग सुरी दाखवी.

वय झालं तसं शेटचं मन मागे धावू लागलं. त्याला नदीकाठची कुसाजी लोहाराची भट्टी आठवे. तरुणपणी तो तिथे तासन्तास बसे. कोळशाचा वास, भात्याची धाप, तापलेलं पातं पाण्यात बुडताना उठणारा चर्र आवाज. कुसाजी पातं कानाशी धरून नखानं वाजवी आणि म्हणे, "ऐका शेट, अजून कच्चं आहे." की पातं पुन्हा भट्टीत. वर्षाकाठी चार-दोन सुऱ्याच त्याच्या हातून बाहेर पडत.

एकदा शेटनं किंमत विचारली. कुसाजीनं दोनशे सांगितली.

"साध्या शिंगाच्या मुठीला दोनशे? एवढ्यात चांदीच्या मुठीची येते!"

कुसाजी हसला. "मग मूठच घ्या, शेट."

शेट रागानं उठला, तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. पुढे कुसाजी वारला, भट्टी विझली. शेकडो पाती हाताळून झाल्यावर शेटला उमगलं, की तसं काम पुन्हा कुणाच्या हातून झालं नाही. पण तोवर कुसाजीच्या सुऱ्या दूरदूरच्या सरदारांनी नेल्या होत्या.

एके दिवशी सकाळी कुसाजीची लेक येसू दारात आली. लहानपणी ती बापाचा भाता ओढायची. आता केस पिकायला लागले होते.

"काका, धन्यांची नाव पुरात गेली. नवी बांधायची आहे. ही बाबांच्या हातची शेवटची सुरी. वीस रुपये मिळतील का?"

शेटनं पात्यावर नख टिचकावलं. स्वच्छ, लांब नाद उठला. त्याचे डोळे भरून आले.

शेजारी लालजी सौदागर बसला होता. शेटच्या वरच्या फळीवरच्या बहुतेक सुऱ्या त्यानंच विकलेल्या. तो कानाशी कुजबुजला, "शेट, घेऊन टाका. एक अक्षर बोलू नका."

वीस रुपये शेटच्या कनवटीलाच होते. जन्मभर हवी असलेली वस्तू हातात होती. नुसती मान हलवायची होती. पण समोर येसूचे भाता ओढून घट्टे पडलेले तेच हात होते.

"पोरी, हिची किंमत आज पाचशे आहे," शेट म्हणाला. "तुझ्या बापानं दोनशे मागितले, तेव्हा मला कळलं नाही."

येसू बघतच राहिली. "मग तुम्ही द्याल पाचशे?"

"घरात तेवढे नाहीत. थोडे दिवस थांब. तोवर सुरी तुझ्यापाशीच राहू दे. कुणी जास्त दिले, तर खुशाल त्याला दे."

शेटनं वरची फळी लालजीपुढे मांडली. लालजीनं एकेक मूठ खरवडून पाहिली, पातं वाजवून पाहिलं आणि निम्म्याहून कमी भाव सांगितला. "चांदीचा नुसता मुलामा आहे, शेट. आत पितळ. आणि पातीही कच्ची."

"अरे, तूच विकल्यास ना?"

"विकताना मूठ दाखवावी, घेताना पातं बघावं," लालजी निर्लज्जपणे म्हणाला.

वरची फळी गेली, मधलीही गेली, तेव्हा कुठे पाचशे जमले. येसूची नाव पाण्यात उतरली. सबंध पेठ हसली, की म्हाताऱ्यानं एका सुरीपायी भिंत उघडी केली.

तेव्हापासून शेट रोज दुपारी ओट्यावर बसून त्या सुरीनं आळीतल्या पोरांना पेरू चिरून देऊ लागला. लालजीला ते बघवेना. "एवढी महाग सुरी, आणि पेरू चिरता?"

पातळ, सुरेख फोड पोराच्या हातावर ठेवत शेट म्हणाला, "आजवर सुऱ्या नुसत्या बघितल्या रे. आता कुठे एक वापरतोय."

तात्पर्य: किंमत मुठीची की पात्याची, हे ज्याला कळतं तो पारखी, पण ते कळूनही जो समोरच्याच्या अजाणतेपणाचा फायदा घेत नाही, तोच त्या वस्तूचा खरा धनी.