पडलो तर दोष माझा

रेडे पाठीवर उतारू घेऊन नदी पार करायचे, त्या काळची ही गोष्ट. एका सकाळी साळुंकीनं दोन बगळ्यांचं बोलणं अर्धंच ऐकलं. "काळ्या रेड्यानं खारीचा पाय मोडला, आता नदीपार जाणं बंद..." पुढचं वाऱ्यानं नेलं. चौकशी केल्याशिवाय साळुंकीला दाणा गोड लागेना. ती तडक नदीवर गेली.

काठावर खार पाय धरून बसली होती. "साळुंकीबाई, घरी तीन पिल्लं आहेत हो. पलीकडच्या शेंगा आता कोण आणणार?"

"माझ्याकडे बघू नका," रेडा म्हणाला. "चढताना प्रत्येक उतारू 'पडलो तर दोष माझा' असं तीनदा म्हणतो. हिनंही म्हटलंय."

"म्हटलं की! शिंगही घट्ट धरलं होतं. पण मध्येच गार चिखल दिसला आणि हे महाराज लोळले!"

साळुंकीनं मान वाकडी केली. "रेडेदादा, तिचा तोल गेला असता तर तिचं ती बघती. पण तुमच्या लोळण्याचा दोष तिनं कधी पत्करला?"

"अंग फार तापलं होतं हो," रेडा पुटपुटला.

"मग उतारू उतरवायचे आणि खुशाल लोळायचं!"

काठावरचे बेडूक खो खो हसले. रेडा ओशाळला. पाय बरा होईपर्यंत खारीच्या घरी शेंगा पोचवायचं आणि पाठीवर उतारू असताना कधी न लोळायचं त्यानं कबूल केलं.

साळुंकी झाडावर परतताच शेजारणींनी गराडा घातला. "नदीपार जाणं बंद झालं म्हणे?"

"पाय मोडला ते खरं," साळुंकी म्हणाली. "पण बंद झालंय ते वाटेतलं लोळणं!"