मिठाच्या बरणीवरची रेघ

"मीठ कुणी घातलं, एवढंच विचारतोय मी."

हेरवाडकर सरांनी ऑर्किडची टोपली बुवांच्या पुढ्यात ठेवली. नारळाच्या सोडणावर पांढरा थर चढला होता. मुळांची टोकं काळी पडली होती.

मठाचे प्रमुख सिदूबुवा खाटेवर बसले होते. त्यांनी टोपलीकडे बघितलं, मग सरांकडे.

"तुम्हाला कुणाचा संशय आहे?"

"संशय नाही. खात्री आहे."

"मग मला कशाला विचारता, मास्तर?"

सरांना राग आला. तो त्यांना लवकर यायचा. शेतकी कॉलेजात तीस वर्षं खतं शिकवून निवृत्त झालेला माणूस. घाटमाथ्यावरच्या या मठात येऊन तीन वर्षं झाली होती, तरी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तो कुठं चुकला हे त्यांना कळायचं. बुवा त्यांना मास्तर म्हणत. सरांना ते मुळीच आवडत नसे, आणि बुवांना ते पक्कं ठाऊक होतं.

टोपलीत सीतेची वेणी होती, झाडाच्या फांदीवर वाढणारं रानटी ऑर्किड. अंगणातल्या फणसावर ती कितीतरी वर्षं आपली आपण वाढलेली. ज्येष्ठात तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबायचे आणि बुवा ओट्यावर बसून बघत राहायचे. गेल्या वर्षी वादळात ती फांदी मोडली. त्याच सुमारास बुवांचे गुडघेही गेले, उंबरा ओलांडता येईना. सरांनी झाड सोडणात बसवलं, बुवांच्या खोलीत खिडकीशी टांगलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "येत्या ज्येष्ठात बुवांना खाटेवरून फूल दाखवीन."

त्या दिवसापासून झाड सरांचं झालं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आता चैत्र चालू होता, आणि झाड मरायला टेकलं होतं.

"पुरावा आहे माझ्याकडे," सर म्हणाले. "चार दिवसांपूर्वी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवर मी पेन्सिलीनं रेघ मारली. आज मीठ रेघेच्या दोन बोटं खाली आहे."

"हं."

"आज सकाळी रवळू या खिडकीपाशी तांब्या घेऊन उभा होता. मला बघितलं आणि तांब्या पाठीमागे लपवला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"आणि?"

"आणि काय, बुवा? महिन्यापूर्वी भात करपला म्हणून मी त्याला चारचौघांत झापलं होतं. त्याचा सूड उगवतोय."

रवळू मठाचा आचारी. पूर्वी एका देवळातली घंटा चोरून सहा महिने आत राहून आलेला.

"चोराच्या हाती स्वयंपाकघर दिलंत," सर म्हणाले. "इतका विश्वास टाकायचाच कशाला?"

"विश्वास कुठं टाकला? सकाळची घंटा त्याला वाजवायला दिलीय. तो वाजवतो, मी इथनं ऐकतो."

"अकराची बस आहे, बुवा. त्या बसमध्ये एक तर तो बसेल, नाहीतर मी."

रवळूला जायला जागा नव्हती. तुरुंगातून सुटला तेव्हा सख्ख्या भावानं त्याला दारातून परत पाठवलं होतं. सरांना हे माहीत होतं. माहीत असूनही ते बोलले.

बुवांनी हाक मारली. रवळू येईपर्यंत ते झाडाकडे बघत होते.

"मास्तर, हे बांडगूळ आहे का हो?"

"छे." शिकवायचं म्हटलं की सरांचा आवाज आपोआप मोठा व्हायचा. "बांडगूळ झाडाचा रस पितं. हे फांदीवर नुसतं बसतं. पावसाचं पाणी, धूळ, कुजलेला पाला, पाखरांची शीट, एवढ्यावर जगतं."

"आणि रानात याला खत कोण घालतं?"

"कोण घालणार?"

"म्हणजे उपाशीच मरत असणार बिचारं."

सर काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात रवळू दारात आला. हाताला पीठ होतं.

"झाडाला मीठ घातलंस?" बुवांनी विचारलं.

"न्हाई."

"तांब्यात काय होतं?"

"पाणी."

"लपवलास कशाला?"

रवळूनं सरांकडे चोरून बघितलं. "सर आले म्हणून."

"ऐकलंत?" सर म्हणाले. "साधं पाणी कोण लपवतं?"

बुवांनी मान हलवली. बरोबर आहे, असं म्हटल्यासारखी.

"रवळू, परात आण. आणि तांब्या भरून आण."

परात आली. रवळूनं टोपली तिच्यावर धरली. बुवा म्हणाले, "मास्तर, तुम्हीच ओता. त्यानं ओतलं तर पुन्हा संशय नको."

सरांनी सावकाश पाणी ओतलं. ते सोडणातून झिरपून परातीत साचलं. गढूळ, पिवळट.

"बोट बुडवा आणि जिभेला लावा. मीठ असेल तर रवळू अकराच्या बसला जाईल."

रवळूच्या बोटांवरचं पीठ वाळत आलं होतं. तो ते खरवडायचंही विसरला.

सरांनी बोट बुडवलं. ते अगदी निर्धास्त होते. बोट जिभेच्या टोकाला लावलं...

आणि तसंच राहिलं.

खारट होतं. पण मिठासारखं नव्हतं. खारटाच्या मागून कडवट, आणि जिभेला गार लागणारं. ही चव सरांनी आत्ता पहिल्यांदा घेतली नव्हती. कॉलेजच्या खताच्या गोदामात तीस वर्षं ती त्यांच्या मिशांना चिकटून घरी यायची.

त्यांनी खिडकीबाहेर थुंकून टाकलं.

"मीठ आहे?" बुवांनी विचारलं.

"नाही."

"मग काय आहे?"

"एकोणीस-एकोणीस-एकोणीस." सरांचा आवाज उतरला होता. "पाण्यात विरघळणारं खत."

"कोण घालतं ते?"

"मी."

"किती?"

"दर आठवड्याला. टोमॅटोला देतो तेवढं." ते थांबले. "संक्रांतीनंतर पानांची टोकं काळी पडायला लागली... तेव्हा दुप्पट केलं."

परातीत एक-एक थेंब पडत होता.

"बरणीतलं मीठ कुठं गेलं मग?" सरांनी विचारलं. अजून एक धागा त्यांच्या हातात होता, तो सोडवेना.

"कैऱ्या आल्याती न्हवं," रवळू म्हणाला. "लोणच्यात गेलं. काल तुमीच दोनदा मागून घेतलासा."

सरांनी खाली बघतच विचारलं, "आणि तुझा तांब्या?"

"तुमी खत घातलं की दुसऱ्या दिवशी मी नुसतं पाणी ओतायचो. खालनं पिवळं जाईस्तोवर. माघापासनं. पर तुमी लईच घालायलासा, पाणी पुरंना झालं."

"मला सांगितलं का नाहीस?"

रवळूनं एकदा बुवांकडे बघितलं. बुवांचे डोळे मिटलेले होते.

"तुमी मला कवा इचारलासा?" तो म्हणाला. "तुमी बरणीला रेघ मारलासा."

खाली वळणावर बसचा हॉर्न वाजला.

सर उठले. कोपऱ्यात त्यांनी येतानाच आणलेली पिशवी भरून तयार होती. रवळू गेल्यावर ती परत रिकामी करायची, असाच त्यांचा हिशेब असणार. त्यांनी ती खांद्याला लावली.

"शब्द माझाच होता," ते म्हणाले. "जातो मी."

"जाताना खताची पुडी घेऊन जाणार का?" बुवांनी डोळे न उघडता विचारलं.

सरांनी पिशवीतून पुडी काढली आणि रवळूपुढे धरली. "हे यापुढं तू बघ. मला जमलं नाही."

रवळूनं हात मागे घेतला. "मला न्हाई समजत त्यातलं."

"ते मास्तरांनाच समजतं," बुवा म्हणाले. "पुडी मास्तरांकडेच राहू दे. टोमॅटोला घालता त्याचा दहावा हिस्सा, पंधरा दिवसांतनं एकदा. दुसऱ्या दिवशी रवळू पाणी ओतेल. आता मुळं काळी आहेत, तोवर नुसतं पाणी."

बस वळणावर थांबली होती. इंजिनाची घरघर खोलीपर्यंत येत होती.

रवळूनं दुसरा तांब्या आणून ओतला, मग तिसरा. परातीतलं पाणी हळूहळू निवळलं. एका मुळावरचा चंदेरी रंग भिजून हिरवा झाला. फक्त एका. बाकीची तशीच होती. फुलाचं काही सांगता येत नव्हतं.

सर ते मूळ बघत उभे राहिले. खांद्यावरची पिशवी कधी खाली ठेवली, त्यांना कळलं नाही. बस गेली.

"बुवा..." सर म्हणाले. "इतकं होऊनही पुडी माझ्याच हातात देता. एवढा विश्वास आहे तुमचा माझ्यावर?"

बुवांनी डोळे उघडले.

"मास्तर, माघात रवळूच्या हातात तांब्या कुणी दिला, असं वाटतं तुम्हाला?"