कुशल आहे

फार फार जुनी गोष्ट. एका राजाने नगराबाहेर मोठी पशुबाग उभारली होती. दूरदेशीचे पाहुणे आले की राजा त्यांना आधी बाग दाखवी, मग दरबार.

त्या बागेचा एक रिवाज होता. रोज सकाळी दारावरची घंटा वाजे आणि प्रत्येक राखणदार आपल्या कुंपणापाशी उभा राहून मोठ्याने सांगे, "कुशल आहे." एकामागून एक आवाज उठत. राजा सज्जात उभा राहून ते ऐकत असे.

एकदा उंटांचा राखणदार म्हणाला, "एक उंट आजारी आहे, महाराज."

"तुझ्या हाताखाली जनावर आजारी पडतंच कसं?" राजाने विचारले आणि त्याला कामावरून काढून टाकले.

त्याच संध्याकाळी तो राखणदार बायकोच्या डोक्यावर भांड्यांचे गाठोडे देऊन बागेबाहेर पडला. उंट वैद्याच्या औषधाने बरा झाला. राखणदार मात्र परत आला नाही. आणि त्या दिवसापासून बागेत एकही जनावर आजारी पडले नाही. निदान सकाळच्या घंटेला तरी नाही.

हरणांच्या राखणदाराने उंटवाल्याला जाताना पाहिले होते. त्याचे स्वतःचे घर म्हणजे कुंपणाला टेकलेली एक खोली. घरात माणूस असे कोणी नव्हते. होती ती एक हरणी. तिची आई गेली तेव्हा त्याने कापसाच्या बोळ्याने दूध पाजून तिला वाढवले होते. त्याची चाहूल लागली की ती कान टवकारी.

एका सकाळी तिने कान टवकारले नाहीत. तिच्या तोंडातून लाळ गळत होती. एक खूर ती जमिनीला टेकवत नव्हती.

घंटा वाजली. राखणदाराला ते गाठोडे आठवले. "कुशल आहे," तो म्हणाला.

मग त्याने तिच्या पायांखाली गवताचा जाड थर अंथरला, म्हणजे खूर दिसणार नाही. फडक्याने तिचे तोंड पुसले आणि ते फडके पाटाच्या पाण्यात खळबळून काढले. हा पाट गव्यांच्या कुंपणातून हरणांकडे येई आणि पुढे नीलगायींकडे जाई.

पलीकडून गव्यांचा राखणदार हसून म्हणाला, "काय गड्या, तुझी लेक आज रुसली वाटतं? मान वर करत नाही."

"लाडावलीय," हा म्हणाला. "तुझे गवे बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?" असे म्हणून तो घाईने आत गेला.

थोड्या वेळाने वैद्य फेरीवर आले. म्हातारे गृहस्थ, पण नजर अजून शाबूत. ते कुंपणापाशी थांबले.

"गवत फार अंथरलंस रे."

"थंडी आहे, वैद्यबुवा."

"हं. हे बघ, काही असेल तर मला सांग. आज सांगितलंस तर तुरटीच्या पाण्याने धुऊ, वेगळं बांधू, वाचवू. उशिरा सांगितलंस तर माझ्याजवळ हळहळीशिवाय काही नसेल."

"सांगेन की. पण मग महाराजांना कोण सांगेल?"

वैद्यही राजाचेच मीठ खात होते. हातातली काठी टेकत ते पुढे गेले.

ते गेल्यावर हरणी बोलली. "मी लंगडणं लपवते, कारण रानात लंगडणाऱ्याला वाघ आधी हेरतो. जन्मतःच आलेली सवय आहे ती. पण इथे तर वाघ पिंजऱ्यात आहे. तू कुणाला भितोस?"

राखणदाराने पुन्हा फडके घेतले आणि तिचे तोंड पुसले.

असेच दिवस गेले. तो तिला हाताने पाला भरवू लागला, पण तिला गिळवेना. एका पहाटे तो गेला तेव्हा ती गवतावर आडवी पडली होती आणि गवत थंड होते.

घंटा वाजली. "कुशल आहे," वाघांकडून आवाज आला. "कुशल आहे," गव्यांकडून आला. मग हरणांची पाळी आली, आणि बागेत कुणाचाच आवाज उमटला नाही.

"माझी हरणी गेली," शेवटी तो म्हणाला. "कधीपासून आजारी होती. मी लपवलं."

मग गव्यांचा राखणदार खाली मान घालून म्हणाला, "माझे दोन गवे तिच्याही आधीपासून लाळ गाळतायत."

"माझ्याकडेही आहे," नीलगायींकडून आवाज आला. त्यापुढे सांबरांकडून. त्यापुढे आणखी कुठून तरी.

फेरीला निघालेले वैद्य वाटेतच थांबून कुंपणे मोजू लागले. एवढ्यांना पुरेल इतकी तुरटी नगरात नव्हती, आणि इतके हातही नव्हते.

राजा सज्जातून उतरला. त्याने कोणाला शिक्षा केली नाही. उंटवाल्याला बोलावणे धाडले, पण तो सापडला नाही. हिवाळा सरेपर्यंत निम्मी कुंपणे रिकामी झाली. हरणांचा राखणदार नोकरीवर राहिला, खोलीही त्याची त्यालाच राहिली. रोज घंटा वाजली की तो दाराशी येई, रिकाम्या गवताकडे पाही आणि काही न बोलता आत जाई.

जिथे दुखणे सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथून दुखणे जात नाही. फक्त सांगणारे निघून जातात.