सभेकऱ्याने पुटपुटलेला कायदा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कायदे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. ते माणसाच्या तोंडी बसून गावोगाव जायचे.

त्या काळी एका राज्यात, डोंगरांच्या पोटात एक खोरं होतं. राजाने सभा बोलावली की प्रत्येक खोऱ्यातून एक माणूस राजधानीला जायचा. त्याला म्हणायचे सभेकरी. सभा उठली की सभेकऱ्याने घरी यायचं, पारावर उभं राहायचं आणि सभेत काय काय ठरलं ते लोकांना सांगायचं. एकेक गोष्ट सांगून झाली की लोक म्हणायचे, "ऐकलं." लोकांनी तसं म्हटलं की तो कायदा खोऱ्याला लागू. लोक गप्प राहिले, तर सभेकऱ्याने आल्या पावली परत जायचं आणि राजाने त्या कायद्याचा पुन्हा विचार करायचा. ही रीत राजाच्या पणजोबाने घातलेली, म्हणून राजालाही ती मोडता येत नव्हती.

या खोऱ्याचा सभेकरी होता सुभानजी. माणूस वाईट नव्हता हो. गोड बोलायचा, कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. पारावर उभा राहिला की ऐकत राहावं असं सांगायचा. त्याचं बोलणं इतकं गोड, की हळूहळू लोकांनी ऐकायचंच सोडलं. चणे खात, शेजाऱ्याशी गप्पा मारत बसायचे आणि सुभानजी श्वास घ्यायला थांबला, की सगळे मिळून म्हणायचे, "ऐकलं." आता यात चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर दोघांचीही.

एका वर्षी राजाच्या मनात आलं, की परदेशच्या पाहुण्यांना वाघाची शिकार दाखवायची. त्यासाठी रानात वाघ हवेत आणि ते निर्धास्त हवेत. म्हणून सभेत कायदा आला, की शिकार होईपर्यंत या खोऱ्यात कुणी वाघाला हुसकावायचं नाही. हलगी नको, मशाल नको, आरडाओरडा नको.

सुभानजीने ते ऐकलं. त्याच्या खोऱ्यातली माणसं वाघाशी दुसऱ्या कशाने लढत होती? संध्याकाळी रानाच्या कडेला हलग्या वाजायच्या, मशाली पेटायच्या, तेव्हा कुठे गुरं आणि माणसं सुखाने झोपायची. हे त्याला सांगायचं होतं. तो उठणारही होता. पण त्याची नजर शेजारच्या आसनावर गेली. मागच्या सभेत तिथे बसणाऱ्या म्हाताऱ्या सभेकऱ्याने राजाला विरोध केला होता. आज आसन रिकामं होतं. म्हाताऱ्याची शाल तेवढी तिथे घडी करून ठेवली होती, आणि म्हातारा कुठे आहे हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

सुभानजीने होकाराचा हात वर केला. कायदा मंजूर झाला.

सभा उठल्यावर प्रधान त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गावाला सांगायचं काम तुमचं. कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. फक्त लोक नाही म्हणाले, असं कानावर येऊ देऊ नका."

वाटभर सुभानजी एकच विचार करत होता. मागे राजा, पुढे गाव. आणि दोघांपैकी राजाची भीती मोठी होती.

तो पारावर उभा राहिला. पलीकडच्या ओढ्यावर पूल मंजूर झाला, म्हणाला. लोक म्हणाले, "ऐकलं." तेलघाण्यावरचा कर माफ झाला. "ऐकलं." जत्रेला राजाकडून गूळ येणार. लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्या चालू असतानाच तो खाली बघत पुटपुटला, "आणि श्वापदांना उपद्रव होईल असा ध्वनी आणि उजेड करायला मनाई. बरं, गूळ माणशी किती मिळणार ते सांगतो."

"थांब रे," एक म्हातारी म्हणाली. "उजेडाचं काय म्हणालास?"

"आजी, ते रानातल्या जनावरांपुरतं आहे," सुभानजी हसून म्हणाला. "तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

लोकही हसले. म्हणाले, "ऐकलं."

दुसऱ्याच दिवशी राजाचे शिपाई आले. त्यांनी घरोघरच्या हलग्या उचलल्या, मशाली उचलल्या, शिंगं उचलली. कुणी विचारलं, तर शिपायांचा नाईक म्हणाला, "तुम्ही ऐकलंय. आता जो आवाज करील, तो आमच्याबरोबर राजधानीला येईल." मग लोकांना कळलं, आपण काय ऐकलं होतं ते. शिपाई खोऱ्यातच तळ ठोकून राहिले.

सगळे सुभानजीच्या दारात गेले. "तुम्ही सभेत होता ना? बोलला का नाहीत?"

"बोललो की," सुभानजी म्हणाला. "पण एकट्याचं कोण ऐकतं?"

एक खोटं लपवायला दुसरं आलं. असंच होतं नेहमी.

वाघाला शहाणपण शिकवावं लागत नाही. आवाज थांबला हे त्याला लगेच समजलं. आधी रानाच्या कडेची शेळी गेली. मग गोठ्यातलं वासरू गेलं. मग दिवस कलायच्या आत दारं लागायला लागली. आया मुलांच्या तोंडावर हात ठेवून बसायच्या, कारण रडण्याचा आवाज बाहेर गेला तर शिपाई येतील की वाघ येईल, सांगता येत नव्हतं. कुत्रीसुद्धा भुंकायची बंद झाली. सुभानजी आतून कडी लावून बसायचा आणि बाहेर पाचोळा वाजला तरी उठून कडी पुन्हा चाचपायचा.

ती म्हातारी एक दिवस त्याच्याकडे आली. म्हणाली, "सुभाना, रीत तुलाही माहीत आहे. सभेकऱ्याने लोकांसमोर कबूल केलं, की मी नीट सांगितलं नाही, तर ते ऐकणं रद्द होतं. एवढंच म्हण. कायदा परत जाईल."

"आणि माझं काय होईल, आजी?"

"ते मला नाही माहीत," म्हातारी म्हणाली. "पण खोऱ्याचं काय होतंय ते दिसतंय."

सुभानजीच्या डोळ्यांसमोर ती घडी केलेली शाल आली. "पुढच्या सभेनंतर बघू," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात हरबा लाकूडतोड्याला वाघाने नेलं. ओढ्याकाठी, भर उजेडात. त्याने हाका मारल्या. लोकांनी त्या ऐकल्या. सगळे, सुभानजीसुद्धा, जिवाच्या आकांताने काठापर्यंत धावले आणि शिपायांचे भाले आडवे आले, तिथे थांबले. हरबाची बायको ठकू मातीत बसून राहिली. रडली नाही, की तिचा आवाज झाला नाही. सुभानजी तिला भेटायला गेला, दारापर्यंत पोचला आणि तिथूनच मागे फिरला.

मग एका संध्याकाळी सुभानजीची लेक आवडी घरी आली नाही. चुकलेलं रेडकू शोधायला ती ओढ्यापलीकडे गेली होती. सुभानजी धावत काठावर गेला. समोर उंबराचं झाड, बुटकंच. झाडाच्या बेचक्यात आवडी खोडाला मिठी मारून बसलेली, आणि खाली वाघ. तो घाईत नव्हता. झेप घ्यायचा, खाली यायचा, पुन्हा वर बघायचा. प्रत्येक झेपेला तो जरा जास्त वर पोचत होता.

"धावा," सुभानजी ओरडला. "हलग्या आणा. भांडी वाजवा. माझी पोर आहे ती."

लोक भांडीकुंडी घेऊन धावले. पण शिपाई उभे होतेच. नाईक म्हणाला, "सभेकरी, कायदा तुम्हीच सांगितला आहे. मी काय करू?"

सुभानजीने मागे पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. आता राजा आठवेना, शाल आठवेना. तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मी नीट सांगितलं नाही. मुद्दाम पुटपुटलो. सभेत विरोधही केला नाही, हात वर केला. तुम्ही काही ऐकलेलं नाही."

ठकू पुढे झाली. "आम्ही ऐकलेलं नाही," ती नाईकाला म्हणाली. तिने कमरेवरची घागर खाली उपडी केली आणि दगडाने बडवायला सुरुवात केली. मागोमाग सगळं गाव म्हणालं, "ऐकलेलं नाही." रीत ती रीत. नाईकाने भाला खाली घेतला. ताटं वाजली, घागरी वाजल्या, पेंढ्या पेटल्या, आणि माणसं आरडाओरडा करत ओढ्यात उतरली. वाघाने एकदा त्या उजेडाकडे पाहिलं आणि तो रानात निघून गेला.

आवडीला खाली उतरवलं. सुभानजी तिला उराशी धरून रडत होता. ठकू जवळ आली. तिची घागर चेपली होती आणि बोटांतून रक्त येत होतं.

"सभेकरी," ती म्हणाली, "हे एवढंच वाक्य होतं? माझा माणूस हाका मारत होता, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता."

आवडीने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, हळूच त्याचे हात सोडवले आणि ती ठकूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

कायदा राजधानीला परत गेला आणि सुभानजीला शिपाई घेऊन गेले. त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही. पुढच्या सभेला खोऱ्याने ठकूला पाठवलं. ती परत येऊन पारावर बोलायची, तेव्हा चणे खाणारे हात थांबायचे आणि लोक एकेक गोष्ट दोनदा विचारून घ्यायचे.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: आपल्या जिवाच्या भीतीने जो लोकांपासून खरं लपवतो, त्याच्या भीतीची किंमत आधी दुसऱ्याच्या घराला मोजावी लागते.