कोल्ह्याची दोन ताटं

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं बोलायची, पण माणसं ऐकायची नाहीत. एका प्राणिबागेत कोल्हीण मेली, तरी वहीत कोल्हे दोनच राहिले. मोजणीवाला मुकादम पिंजऱ्यात डोकावायचाच नाही, नुसती रिकामी ताटं मोजायचा.

"मुकादम, मी एकटा पडलोय! एक लिहा, म्हणजे नवी बायको आणतील," कोल्हा रडकुंडीला आला.

"ताटं दोन रिकामी, म्हणजे कोल्हे दोन."

शेजारचं साळिंदर हसलं. "अरे येड्या, एक ताट भरलेलं ठेव की!"

कोल्ह्याला पटलं. दुसऱ्या दिवशी तो कोल्हिणीच्या ताटाकडं पाठ करून बसला. तेवढ्यात मटणाचा वास आला.

मुकादम आला तेव्हा दोन्ही ताटं चाटूनपुसून लख्ख.

"दोन," त्यानं लिहिलं.

कोल्हा साळिंदराला म्हणाला, "बघितलंस? हापिसात गरिबाचं कोण ऐकतंय!"