न वाळणाऱ्या हिरवळीखालचं पाणी

ढगांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर वसलेलं एक गाव होतं. तिथं ढग इतके खालून जात, की बाया वाळत घातलेली लुगडी उचलून त्यांना वाट करून देत. ढग कौलांवर टेकून घटकाभर विसावत आणि जाताना पाणी ओतून जात.

त्या गावात भागीरथी नावाची एक बाई आणि तिचा नवरा केरोबा राहत. केरोबाने सगळी उमर विहिरी खोदण्यात घालवली होती. उतारवयात त्याच्या डोळ्यांतला उजेड हळूहळू मावळला आणि घरापुढचं अंगण हेच त्याचं जग झालं. भिंतीला हात लावून तो चाळीस पावलं जाई, चाळीस पावलं येई. त्या चालण्यात त्याला जुने डोंगर भेटत, जुन्या वाटा भेटत.

"आत्ता कुठं पोचलात?" भागीरथी दारातून विचारी.

"खिंडीत आलोय. करवंदं पिकलीत," तो म्हणे.

पण अंगण होतं काळ्या चिकणमातीचं. ढग एकदा ओतून गेला, की पाणी तिथंच ठाण मांडून बसे. मुरत नसे, वाहत नसे. मग केरोबा महिना महिना घरात बसून राही. बोलणं थांबे, ताटातली भाकरी अर्धी उरे. भागीरथीला ते बघवत नसे.

एके दिवशी गावात एक गालिचेवाला आला. त्याच्या गाडीवर हिरवळीच्या गुंडाळ्या होत्या. विणलेली, नकली हिरवळ, पण पातं न् पातं खऱ्यासारखं. "ही वाळत नाही, हिला पाणी घालावं लागत नाही," तो सांगत होता. भागीरथीने त्या हिरवळीवरून हात फिरवला आणि चिखलाऐवजी तिच्यावरून चालणारा केरोबा तिला दिसू लागला.

"आजच आमच्या अंगणात अंथरून द्या."

गालिचेवाल्याने अंगणात टाच दाबली. टाचेच्या खड्ड्यात पाणी उमटलं.

"बाई, हिच्या पाठीला बारीक भोकं आहेत. पाणी त्यांतून खाली उतरतं. पण खाली असली माती असेल, तर ते जाणार कुठं? आधी वीतभर माती काढा, उतार द्या, खडी भरा, पाणी बाहेर जायला चर ठेवा. वीस दिवस लागतील. मग मी अंथरतो."

भागीरथीने वर पाहिलं. डोंगरावरून ढगांचा कळप उतरत होता. आणखी वीस दिवस नवऱ्याला घरात कोंडून ठेवायचं?

"खालचं कोण बघायला येतंय?" ती म्हणाली. "तुम्ही अंथरा."

"मी सांगायचं ते सांगितलं," गालिचेवाला म्हणाला आणि त्याने गुंडाळी सोडली.

संध्याकाळपर्यंत अंगण हिरवंगार झालं. इतकं हिरवं, की काजवे फसून खाली उतरले. सारं गाव बघायला लोटलं. केरोबाने पाऊल ठेवलं आणि हसून म्हणाला, "मऊ आहे गं!"

मग ढग आले आणि आठ दिवस ओतत राहिले. वरून हिरवळ तशीच तजेलदार दिसत होती. केरोबा तीन दिवस चालला. चौथ्या दिवशी उंबऱ्यातच बसला.

"आज पाय नको म्हणतात."

पाचव्या दिवशीही तेच. सहाव्या दिवशी भागीरथी चिडली. "एवढ्या हौसेने अंथरली, आणि तुम्ही पाऊलसुद्धा टाकत नाही!" केरोबाने बाही खाली ओढून घेतली.

त्या दुपारी एक ढग थेट अंगणातच येऊन बसला. आपलाच हात आपल्याला दिसेना. भागीरथी दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून प्रथमच ती त्या हिरवळीवर नुसत्या पायांच्या अंदाजाने चालली. पायाखाली पचपच आवाज झाला. हिरवळ एकीकडे दबली, दुसरीकडे फुगली. आंबूस वास आला. पाय सटकला आणि ती गुडघ्यावर पडली. हात मनगटापर्यंत गार पाण्यात बुडाला.

ती तशीच बसून राहिली. इतके दिवस ती अंगण बघत होती. तिच्या नवऱ्याला मात्र ते हे असं भेटत होतं.

घरात येऊन तिने केरोबाची बाही वर सारली. कोपर सोललेलं होतं, दंड काळानिळा पडला होता.

"किती वेळा पडलात?"

"तीनदा."

"बोलला का नाहीत?"

"तू इतकी खुशीत होतीस. गाव बघायला येत होतं. म्हटलं, पडलो तर पडलो."

भागीरथीला हुंदका आवरेना. "जन्मभर तुम्ही पाण्याच्या वाटा शोधल्यात. आणि मी तुम्हालाच विचारलं नाही."

"मग आता विचार की," केरोबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने हिरवळ उचलून गुंडाळली. शेजारणी हसल्या, "बरं चाललेलं उकरून काढतेय!" तिने ऐकलं नाही. गालिचेवाल्याला निरोप धाडला, तो खडीची गाडी घेऊन आला. केरोबा जमिनीवर बसला. पाण्याने काठोकाठ भरलेली परात पुढ्यात ठेवून तो कडेवरून बोट फिरवी. पाणी ज्या बाजूला सांडे, तिकडे उतार.

"इथं चढ राहिलाय. अजून चार बोटं खाली घे."

ती खणत गेली. तळहातांना फोड आले. दोनदा ढगांनी खड्डा भरला. दोनदा तिने पाणी उपसलं. मग खडी आली, तिच्यावर जाड वाळू, आणि खालच्या कोपऱ्यातल्या केळींकडे जाणारा एक चर. शेवटी, सगळ्यांच्या वर, तीच हिरवळ.

मग एक मोठा ढग आला. तो थांबण्याची वाट न बघता केरोबा अंगणात गेला. मधोमध थांबला, खाली वाकला आणि त्याने जमिनीला कान लावला.

"काय झालं हो?" भागीरथी घाबरून धावली.

"ऐक."

तिनेही त्याच्याशेजारी कान टेकला. हिरवळीखाली, खडीच्या फटीफटींतून, पाणी हळू आवाजात बोलत केळींकडे निघालं होतं. डोक्यावर पाऊस पडत होता आणि खाली तोच पाऊस अडून न बसता निघून जात होता. दोघं बराच वेळ तसेच राहिले, भिजत.

"चाललं," केरोबा म्हणाला. आणि उठून, कुठंही न चाचपडता, चालू लागला.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: साचलेलं झाकून जमीन कोरडी होत नाही. आधी त्याला वाट करून द्यावी, आणि ती वाट कुठून काढायची हे, ज्याचे पाय तिथं पडणार आहेत त्याला विचारावं.