विहिरीवरचं घरटं

पक्ष्यांच्याही शाळा भरत, तेव्हाची ही गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या बाभळीत एक म्हातारी सुगरण पिल्लांना गणित शिकवायची. घरटं फांदीला टांगणारा देठ गवताच्या किती पात्यांचा असला तर किती भार पेलतो, हे ती रोज घोटून घ्यायची. भिंगऱ्या नावाचं पिल्लू मात्र तेवढ्या वेळात हमखास उडून जायचं. "मला घरटं विणायचंय. त्यात आकडे कशाला लागतात?" असा त्याचा तोरा.

भिंगऱ्या मोठा झाला आणि त्याने साऱ्या बाभळीत देखणं घरटं विणलं. रीतीप्रमाणे तानी नावाची मादी ते पारखायला आली.

"देठात किती पाती घातलीस?" तिने विचारलं.

"मोजली नाहीत. भरपूर आहेत."

"मी, तीन पिल्लं आणि वर वारा. पेलेल?"

भिंगऱ्या फणकारला. "एवढं सुंदर घर बांधलं आणि तू आकडे विचारतेस? माझ्या अंदाजाने पेलेल."

तानीचं डोकं फिरलं. "खाली विहीर आहे. माझी पिल्लं तुझ्या अंदाजावर टांगू?"

तिने घरट्यावर बसून, वारा देतो तसे तीन हिसके दिले. देठ तुटला. तानी उडाली, घरटं पाण्यात पडलं.

दुसऱ्या दिवसापासून भिंगऱ्या पिल्लांच्या ओळीत शेवटी बसू लागला. एका पिल्लाने कुरकुर केली, "पुढे कुठे लागतं हे गणित?"

म्हातारी बोलायच्या आत भिंगऱ्या त्याला विहिरीवरच्या फांदीपर्यंत घेऊन गेला. खाली त्याचं घरटं अजून तरंगत होतं.